फूड प्रोसेसर: घेताना काय बघावं, घेतल्यावर कसा टिकवावा

फूड प्रोसेसर निकामी होतो तेव्हा बहुतेक वेळा मोटर ठणठणीत असते. तुटलेला असतो झाकणाचा कान, तडा गेलेला असतो भांड्याला, नाहीतर झाकणाच्या नळीतून भाजी खाली ढकलायचा दट्ट्या कुठेतरी गहाळ झालेला असतो. त्यामुळे खोक्यावरचा वॉटचा आकडा बघण्याआधी एवढंच विचारा: झाकण, भांडं आणि पातं सुटं विकत मिळतं का? नसेल मिळत, तर एका तडकलेल्या झाकणापायी सगळं यंत्र भंगारात जाईल.

वॉटवर फार विसंबू नका. तो आकडा मोटर किती वीज खाते ते सांगतो. पात्यापर्यंत किती जोर पोहोचतो ते सांगत नाही. काही खोक्यांवर तर ‘कमाल’ वॉट छापलेले असतात, म्हणजे मोटर अडकायच्या बेतात असताना क्षणभर ओढते तेवढी वीज. रोजच्या कामाचा आकडा हवा असेल तर यंत्र उलटं करून बुडाची पट्टी वाचा. तिथे पुष्कळदा ‘केबी’ (KB) ही दोन अक्षरं आणि पुढे मिनिटं लिहिलेली असतात. सलग चालवायची मर्यादा तेवढीच. त्यानंतर यंत्र थंड होऊ द्यायचं. पीठ मळायला किंवा दाण्यांचं बटर करायला घेणार असाल तर वॉटपेक्षा ही मिनिटं जास्त महत्त्वाची.

मोटर कुठे बसवली आहे तेही बघा. भांडं थेट मोटरवर बसत असेल तर मधे झिजणारं काही राहत नाही. भांडं मोटरच्या शेजारी असेल तर मधे रबरी पट्टा असतो. असं यंत्र बुटकं राहतं, पण पट्टा कालांतराने सैल होतो. इंडक्शन मोटर असेल तर आवाज कमी आणि कार्बन ब्रशची (मोटरमध्ये घासून झिजणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांची) झंझट नाही. मात्र यंत्र जड असतं. जडपणाला नाक मुरडू नका. हलकं यंत्र पीठ मळताना ओट्यावर चालायला लागतं, आणि त्याला धरून उभं राहावं लागतं.

भांडं केवढं घ्यावं? तीन-चार माणसांच्या घराला २ ते २.५ लीटर पुरतं. पण हे माप कोरड्या जिनसांचं असतं. पातळ पदार्थासाठी भांड्यावर वेगळी रेघ असते आणि ती बरीच खाली असते. कारण भांड्याच्या मध्ये, पातं जिच्यावर बसतं ती उभी नळी वरून उघडी असते. द्रव त्या नळीच्या उंचीवर गेला की आतून खाली उतरतो, थेट मोटरच्या दांड्यावर. ‘सूप केलं की खालून गळतं’ या तक्रारीचं कारण बहुधा हेच असतं, यंत्रातला दोष नव्हे. उलट, मोठ्या भांड्यात मूठभर लसूण टाकली तर ती भिंतीला जाऊन चिकटते आणि पातं रिकामंच फिरतं. थोडं वाटण वारंवार लागत असेल तर आत बसणारं छोटं भांडं असलेलं मॉडेल घ्या.

झाकणावरची नळी रुंद असली की भाजी कमी चिरावी लागते, ही जाहिरात खरी आहे. पण रुंद नळीतून हात आत जाऊ शकतो, म्हणून तिथे दट्ट्या ठरावीक खुणेपर्यंत खाली गेल्याशिवाय मोटर सुरूच होत नाही. त्या खुणेच्या वर भाजी भरता येत नाही. रुंद दट्ट्याच्या पोटात अरुंद नळी असेल तर उत्तम. एकटं गाजर रुंद नळीत आडवं पडतं, अरुंद नळीत सरळ उभं राहतं.

यंत्रासोबत येणाऱ्या कापायच्या-किसायच्या चकत्यांचा ढीग बघून भुलू नका. २ ते ४ मिलिमीटरची एक काप करायची आणि एक मध्यम किसणी एवढ्यावर बहुतेक घरांचं भागतं. बाकीच्या कपाटात जागा खातात. पात्याकडे मात्र नीट लक्ष द्या, विशेषतः ते रिव्हेट मारून जोडलेलं असेल तर. २०१६ साली अमेरिकेत एका मोठ्या ब्रँडच्या सुमारे ८० लाख यंत्रांची पाती परत मागवावी लागली होती. रिव्हेटपाशी तडे जाऊन धातूचे कण अन्नात पडत होते. जुनं यंत्र वापरत असाल तर महिन्यातून एकदा पातं उजेडात धरून रिव्हेटच्या भोवती केसाएवढी रेघ दिसते का ते बघा. दिसली तर पातं टाकून द्या.

वापरताना

कांद्याचा लगदा होतो तो पात्यामुळे नाही, सलग चालवल्यामुळे. कांद्याच्या सारख्या आकाराच्या फोडी करा, भांडं अर्ध्याच्या वर भरू नका आणि पल्सचं बटण एकेक सेकंद दाबून सोडा. पाच-सहा दाबांत बारीक चिरलेला कांदा तयार होतो. दर दाबानंतर पातं पूर्ण थांबू द्यायचं, म्हणजे वरच्या फोडी खाली पडतात. हे केलं नाही तर तळाशी पाणी सुटतं आणि वर अख्ख्या फोडी राहतात.

काप करताना भाजीचं बूड सपाट कापून घ्या आणि नळीत ठासून नाही, पण हलणार नाही इतपत बसवा. गाजर उभं ठेवलं तर गोल चकत्या मिळतात. किसणीवर आडवं ठेवलं तर लांब कीस पडतो. टोमॅटो-मशरूमवर दट्ट्या नुसता टेकवायचा, गाजर-बीटवर जोर द्यायचा. शेवटी चकतीवर एक जाड तुकडा उरतोच. तो चकती आणि झाकण यांच्या फटीत असतो. दाबून काही होत नाही, सोडून द्या. मऊ चीज किसायचं असेल तर आधी अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा, नाहीतर किसणीची भोकं बुजतात. कडक चीजची परीक्षा सोपी आहे: सुरीचं टोक आत जात नसेल तर ते यंत्रातही घालू नका.

पीठ मळायला २ लीटरच्या भांड्यात ४००-५०० ग्रॅमपेक्षा जास्त पीठ नको, आणि पुस्तिकेत याहून कमी लिहिलं असेल तर तेच खरं. आधी कोरडं पीठ आणि मीठ, मग यंत्र चालू ठेवून नळीतून पाणी बारीक धारेने. ५०० ग्रॅम पिठाला ३०० मिलिलीटरपासून सुरुवात करा. पाणी थंड घ्या, कारण पात्याच्या घर्षणानेच पीठ तापतं. गोळा जमल्यावर ४०-४५ सेकंद पुरे. मोटरचा आवाज जड झाला तर पीठ घट्ट आहे: थांबा, चमचाभर पाणी घाला. गोळा न होता पीठ तळाला चिकटून राहिलं तर पाणी जास्त झालंय.

दाण्यांच्या बटरला धीर लागतो. आधी कूट होतं, मग ते भिंतीला लागतं, मग एक गोळा होऊन गरगरतो, आणि तिथून पुढे तेल सुटून ते सैल पडतं. याला ५ ते १० मिनिटं लागतात. मधे थांबून भिंती खरवडा आणि मोटरला विसावा द्या. गोळ्याच्या टप्प्यावर घाबरून पाणी घालू नका, मिश्रण घट्ट होऊन बसतं.

उकडलेले बटाटे यात कुस्करू नका, स्टार्च सुटून त्यांची खळ होते. कॉफीच्या बिया, अख्खे कडक मसाले यांनी भांड्याच्या आतून ओरखडे पडतात. ते काम ग्राइंडरचं.

धुणं आणि ठेवणं

काम संपल्याबरोबर भांड्यात कोमट पाणी (पातळाच्या रेघेखाली) आणि साबणाचा थेंब टाकून चार-पाच पल्स द्या. वाळलेलं पीठ नंतर खरवडण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पातं साबणाच्या फेसाळ पाण्यात बुडवून ठेवू नका. न दिसणाऱ्या पात्यात हात घातला की बोट कापलंच समजा. ते वरच्या प्लॅस्टिकच्या मुठीला धरून वाहत्या पाण्याखाली धुवा. पात्याची मूठ आतून पोकळ असते आणि खरी घाण तिथे साचते. बाटलीचा बारीक ब्रश आत फिरवा, मग ब्रशवर काय येतं ते बघा.

डिशवॉशर चालत असेल तरी भांडं वरच्याच कप्प्यात. खालच्या उष्णतेने प्लॅस्टिक वाकतं, आणि किंचित वाकलेलं झाकण मग खाच पकडत नाही. तारेची घासणी वापरू नका. गाजराचा केशरी डाग तेलात विरघळतो: थोडं तेल चोळून पुसा, मग साबणाने धुवा. वास राहिला तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावा आणि अर्ध्या तासाने धुवा.

ठेवताना झाकण घट्ट फिरवून ठेवू नका, नुसतं वर टेकवा. आत ओल कोंडली तर कुबट वास येतो, शिवाय सुरक्षा-स्विचची स्प्रिंग विनाकारण दाबलेली राहते.

चालू होत नसेल तर

आधी झाकण. त्याच्या कडेचा छोटा कान भांड्याच्या मुठीतली दांडी दाबतो आणि ती दांडी खालचा स्विच दाबते. मुठीच्या त्या खाचेत पीठ अडकून वाळलं की दांडी जाम होते. गरम पाण्यात भिजवा, टूथपिकने मोकळी करा. कान तुटला असेल तर नवं झाकण घ्या. त्या जागी काडी खुपसून यंत्र चालवणारे लोक आहेत. उघड्या पात्याशी असा खेळ करू नका.

चालता चालता मध्येच बंद पडलं आणि बूड गरम लागलं, तर तापमान-रक्षकाने मोटरची वीज तोडली आहे. प्लग काढा, अर्धा तास थांबा, पुढच्या वेळी अर्धाच माल घाला. मोटर गुणगुणते पण पातं फिरत नाही, असं पट्ट्याच्या यंत्रात झालं तर पट्टा तुटलाय किंवा घसरतोय. थेट जोडणीच्या यंत्रात बहुधा पातं नीट खाली बसलेलं नसतं. हवेच्या जाळीतून ठिणग्या दिसत असतील आणि जळका वास येत असेल तर कार्बन ब्रश झिजले असण्याची शक्यता जास्त; ते स्वस्तात बदलून मिळतात. तेवढ्यासाठी मोटर गेली म्हणून नवीन यंत्र गळ्यात मारणाऱ्याचं ऐकू नका.