दुकानावर नवीन आलेल्या पोरांसाठी: गलाई चालू ठेवून दहावी, बारावी आणि पदवी

विटा, आटपाडी, कवठेमहांकाळकडची पोरं दहावीचा निकाल लागला की गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या, दुकानावर येतात, काही तर त्याआधीच. कुणी मामाकडे, कुणी चुलत्याकडे. मूस (धातू वितळवायचं भांडं) कशी धरायची, टंच (सोन्याची शुद्धता) कसा काढायचा हे शिकवायला दुकानात माणसं आहेत. अर्धवट राहिलेल्या शाळेचं काय करायचं हे मात्र कुणी सांगत नाही. मी मूळचा खानापूर तालुक्यातला, आता कोइमतूरला स्थायिक. इथं येणाऱ्या प्रत्येक पोराला जे सांगतो, ते एकदा लिहूनच काढतो.

गाडीत बसायच्या आधी शाळेतून दाखला काढून घ्या. मूळ दाखला आणि मार्कलिस्ट आईकडे ठेवा, फोटो मोबाईलमध्ये. दाखला दुकानाच्या गल्ल्यात ठेवू नका. खोली बदलताना तोच पहिला हरवतो. मग दुय्यम प्रतीसाठी शाळेत हेलपाटे आणि वर प्रतिज्ञापत्र.

दहावी किंवा बारावी राहिली असेल तर पहिला रस्ता १७ नंबर फॉर्मचा, म्हणजे शाळेत न जाता खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसायचा. राज्य मंडळाच्या संकेतस्थळावर साधारण पावसाळ्यात तो निघतो. पत्ता गावचा दिलात तर संपर्क केंद्र, म्हणजे ज्या शाळेतून परीक्षेला बसायचं ती शाळाही, तिकडचंच निवडता येतं, म्हणजे परीक्षा विट्याला आणि जेवण घरचं. सांगली जिल्हा कोल्हापूर विभागीय मंडळात येतो. पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये, पण तोंडी, प्रकल्प असलं कामही केंद्रावर करावं लागतं, त्यासाठी आधी एक चक्कर धरा. गुणपत्रिका नेहमीच्या पोरांसारख्याच मंडळाची, त्यामुळे पुढं कुणी नाक मुरडत नाही. बारावी करायची तर कला किंवा वाणिज्य घ्या. प्रॅक्टिकलमुळे सायन्स दुकानावरून जमत नाही.

ज्यांना एका दमात सगळे विषय झेपत नाहीत त्यांच्यासाठी एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय. मला स्वतःला आपल्या धंद्यातल्या पोरांसाठी हाच रस्ता जास्त पटतो. नोंदणी पाच वर्षं चालते, परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि एकेक, दोनदोन विषय सोडवता येतात. पास व्हायला पाच विषय, प्रत्येकात ३३ टक्के. दहावीला वयाची अट १४ वर्षं पूर्ण. केंद्रं देशभर आहेत. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला असतात, आणि इथंच मेख आहे: दुसरी परीक्षा दसरा-दिवाळीच्या गर्दीत येते. तेव्हा मालक सख्खा मामा असला तरी सुट्टी देणार नाही, आणि त्याचंही चूक नाही. एप्रिलचीच धरा.

बारावीनंतर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, १९८९ चं. नाव आपल्याच देवराष्ट्र्याच्या माणसाचं. बी.ए., बी.कॉम. मराठीतून होतं, पण अभ्यासकेंद्रं महाराष्ट्रात, म्हणून केंद्र गावाजवळचं घ्या. परराज्यातच परीक्षा द्यायची असेल तर इग्नू, म्हणजे केंद्राचं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ. तिथं जून आणि डिसेंबरला परीक्षा होतात, मात्र हिंदी-इंग्रजीची तयारी हवी. दुकानातली जुनी मंडळी सांगतील, ‘बारावी कशाला, पूर्वतयारी (बारावी न झालेल्यांसाठीची मुक्त विद्यापीठाची परीक्षा) दे आणि थेट बी.ए. कर.’ त्यांच्या काळी ते चाललं. तुम्ही आधी बारावीच करा, पुढं स्पर्धा परीक्षेच्या किंवा नोकरीच्या अर्जात कटकट नको.

ज्याचं मन धंद्यात अजिबात लागत नाही, त्यानं उगाच वर्षं घालवू नयेत. परत जावं आणि दोन वर्षांचा आयटीआय करावा. त्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं, आणि डिप्लोमावरून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजलाही या वाटेनं गेलेली पोरं असतात.

काय शिकावं म्हणाल तर बी.कॉम. २०२१ पासून हॉलमार्किंग, म्हणजे दागिन्यावर शुद्धतेचा शिक्का, सक्तीचं झालं, जीएसटी त्याआधीच आला. हिशोब कळणारा माणूस दुकानात नसला की महिन्याला सीएच्या दारात उभं राहावं लागतं.

‘घरबसल्या हमखास दहावी पास’ असल्या पाट्यांना पैसे देऊ नका. फॉर्म स्वतः भरा, पावती जपा. सुट्टीचं बोलणं मात्र दुकानावर आल्यावर नाही, गावातच व्हायला हवं: मामा जत्रेला आला की आईला मध्ये बसवून परीक्षेचे दिवस त्याच्याकडून कबूल करून घ्या. आणि वय १८ च्या आत असेल तर तेजाबाजवळ (सोनं शुद्ध करायच्या ॲसिडजवळ) उभं राहायचं नाही, हेही त्याच बैठकीत ठरवा. कायदाही तेच सांगतो.