‘क्विंटल’ मोडला तेव्हा: गोडो इंजिनचा कोड कसा सांभाळायचा

जत तालुक्यातल्या एका शाळेतून गुरुजींनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. फोनच्या स्क्रीनवर आमचा हळदीचा खेळ, आणि खाली एकच ओळ: ‘मॅडम, क्विंटल असा का दिसतोय?’ फोटो मोठा करून पाहिला. क चा पाय मोडलेला, आणि व ची वेलांटी पुढच्या ट वर जाऊन बसलेली. ‘मार्केट’मधला रफार के च्या डोक्यावर नव्हता, र सुटा पडला होता.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या दोन खोल्यांत आम्ही चौघं शाळकरी मुलांसाठी मराठी खेळ बनवतो. या खेळात मुलं व्यापारी होतात, हरिपूरच्या पेवातून हळद काढतात, सौद्यात लावतात, वजन आणि किंमतीचा हिशेब करतात. खेळ गोडो इंजिनवर, म्हणजे खेळ बनवायच्या एका खुल्या सॉफ्टवेअरवर चालतो. स्वस्त फोनवर ॲप हलकं राहावं म्हणून इंजिन आम्ही स्वतः बिल्ड करतो, म्हणजे त्याच्या कोडमधून चालणारा प्रोग्राम स्वतः तयार करतो, आणि चूकही तिथेच झाली होती. गोडो ४.० मार्च २०२३ मध्ये आलं, तेव्हापासून अक्षरांची जुळणी ‘टेक्स्ट सर्व्हर’ नावाचा भाग करतो. त्याचे दोन प्रकार आहेत. मोठा प्रकार हार्फबझ आणि आयसीयू या लायब्ररी वापरून जोडाक्षरं, वेलांट्या, रफार जागच्या जागी बसवतो. छोटा प्रकार अक्षरं नुसती एकापुढे एक मांडतो. साइज कमी करायच्या नादात मी मोठा काढून छोटा ठेवला होता. खेळाचं नाव ‘हळद’. त्यात ना मात्रा, ना जोडाक्षर. पहिली स्क्रीन अगदी बरोबर दिसली आणि आम्ही खेळ पाठवून दिला.

एवढ्या मोठ्या कोडमध्ये हात घालायचा तर काय काय सांभाळावं लागतं, ते तेव्हापासून मी लिहून ठेवत आले आहे.

आधी घर ओळखीचं करा. गोडोचा सोर्स २०१४ पासून एमआयटी परवान्याखाली सगळ्यांना खुला आहे. भाषा सी प्लस प्लस, बिल्ड स्कॉन्स नावाच्या साधनाने होतं. फोल्डरची नावं बोलकी आहेत. ‘कोर’मध्ये मूळ डेटा प्रकार आणि मेमरी, ‘सीन’मध्ये नोड (खेळाचे सुटे घटक: चित्र, बटण, मजकूर), ‘सर्व्हर्स’मध्ये चित्र, आवाज, फिजिक्स, ‘प्लॅटफॉर्म’मध्ये विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉइड, आयओएस आणि वेब यांचे वेगवेगळे कप्पे, ‘थर्डपार्टी’मध्ये बाहेरून आणलेल्या लायब्ररी. नोड थेट ग्राफिक्स चिपशी बोलत नाही, तो सर्व्हरला सांगतो आणि सर्व्हर पुढचं बघतो. ही शिस्त मोडू नका. ‘सीन’मधल्या फाइलमध्ये ‘अँड्रॉइड असेल तर हे करा’ असं लिहावंसं वाटलं, की हात आवरा. ते काम ‘ओएस’ किंवा ‘डिस्प्ले सर्व्हर’ या क्लासमधल्या फंक्शनचं आहे, आणि प्रत्येक प्लॅटफॉर्म आपापल्या कप्प्यात त्याचं उत्तर देतो. सहा प्लॅटफॉर्मचे अपवाद एकाच फाइलमध्ये साचले, तर वर्षभराने तिला हात लावायला कुणी धजत नाही.

बिल्डबद्दल थोडक्यात. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर प्रोसेसरचे सगळे कोअर लावू नका, रॅम संपून मशीन गोठतं. स्कॉन्सची कॅशे (आधी तयार झालेल्या तुकड्यांचा साठा) चालू ठेवा. नको असलेली मॉड्यूल्स बंद करून वेळ वाचतो. पण ज्या बिल्डवर तपासलं तेच शाळेत गेलं पाहिजे. आम्ही एडिटरमध्ये तपासलं आणि पाठवलं वेगळंच बिल्ड. ‘क्विंटल’ मोडला तो त्यामुळे.

आता दोष शोधण्याची पद्धत. दोष दिसला की आधी रिकामा प्रोजेक्ट घ्या. एक नोड, एक शब्द, बस्स. आख्ख्या खेळात दोष शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं. त्यानंतर तोच छोटा प्रोजेक्ट गोडोच्या अधिकृत बिल्डवर, स्वतःचा एकही बदल नसलेल्या बिल्डवर चालवा. दहा मिनिटांच्या या पायरीने आमचे कित्येक दिवस वाचलेत.

उदाहरण देते. नवी आवृत्ती घेतल्यावर एका स्वस्त फोनवर विचित्र तक्रार आली: खेळताना कॉल आला, आणि कॉल संपवून परत आलं की भावाचा तक्ता काळा. आमच्याकडे कराडहून रोज एसटीने येणारा मुलगा लगेच म्हणाला, ‘ताई, नव्या व्हर्जनचाच बग आहे.’ मी म्हटलं, आधी अधिकृत बिल्डवर दाखव. तिथे तक्ता नीट दिसला. म्हणजे दोष आमच्या सतरा पॅचपैकी, इंजिनाच्या कोडमध्ये आम्ही केलेल्या बदलांपैकी एकात. गिट बायसेक्ट लावलं, म्हणजे दर फेरीला यादी निम्मी करत दोषी बदल शोधणारी सोय: मधला पॅच घे, बिल्ड कर, फोनवर टाक, कॉल लाव, चांगलं की वाईट ते सांग. पाच फेऱ्यांत गुन्हेगार सापडला. पॅच माझाच होता. रॅम वाचावी म्हणून मी तक्त्याचं चित्र ग्राफिक्स चिपकडे देऊन मूळ प्रत सोडून दिली होती. अँड्रॉइडवर ॲप मागे गेलं की ग्राफिक्सचा कॉन्टेक्स्ट, म्हणजे चिपकडे दिलेली सगळी चित्रं, हातची जाऊ शकतात. मग चित्र पुन्हा द्यायला आमच्याकडे काही उरतच नव्हतं. मूळ प्रत परत ठेवली, काही एमबी गेले, तक्ता आला.

दोष अधिकृत बिल्डमध्येही दिसला, तर थेट बायसेक्टला बसू नका. गोडोच्या डेव्ह आणि बीटा, म्हणजे चाचणीसाठीच्या अधल्यामधल्या आवृत्त्या तयार मिळतात. त्या एकेक चालवून बघा, कंपाइल न करताच पल्ला कमी होतो. दोन हजार कमिट (कोडमधले नोंदवलेले बदल) उरले तर अकरा फेऱ्या, अडीचशे उरले तर आठ. फेरीला अर्धा तास धरला तर फरक दीड तासाचा. मधला एखादा कमिट बिल्डच झाला नाही, तर अंदाजाने ‘वाईट’ म्हणू नका, तो स्किप करा. एक चुकीचं उत्तर दिलं, की पुढच्या सगळ्या फेऱ्या वाया जातात.

वेगवेगळ्या प्लॅटफॉर्मवर घात करणाऱ्या गोष्टी बहुतेकदा त्याच त्या असतात. फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर कोडमध्ये मोठं आणि डिस्कवर छोटं असेल, तर विंडोज चालवून घेतं. अँड्रॉइडवर पॅक झालेल्या खेळात ती फाइल सापडतच नाही. आकडे ठेवायचा ‘लाँग’ हा प्रकार ६४ बिट विंडोजवर ३२ बिटांचा आणि लिनक्सवर ६४ बिटांचा असतो, म्हणून नावातच बिट सांगणारे प्रकार वापरा. एक बाइट ठेवणारा साधा ‘कॅर’ इंटेलवर ऋण आकडे धरतो, अँड्रॉइडच्या आर्म फोनवर धरत नाही. आपल्याला हे जास्त जाचतं, कारण यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक अक्षर तीन बाइटचं असतं आणि ते तिन्ही बाइट १२७ च्या वरचे. इंग्रजी मजकुरावर वर्षानुवर्षं निर्धास्त चाललेला कोड ‘क’ वर अडखळतो तो इथेच. आणि व्हेरिएबलला सुरुवातीची किंमत दिली नसेल, तर डीबग बिल्डमध्ये चालेल आणि रिलीजमध्ये कोसळेल. अशी चूक पकडणारं मेमरी सॅनिटायझर लावून आठवड्यातून एकदा तरी बिल्ड करा. ते सावकाश चालतं, पण नेमकी ओळ दाखवतं.

दुरुस्ती करताना एका पॅचमध्ये एकच काम. जाता जाता शेजारच्या फंक्शनची नावं सुधारायचा मोह होतो. नका करू. तपासणाऱ्याला खरी दुरुस्ती त्या गर्दीत सापडत नाही, आणि उद्या पॅच मागे घ्यायचा झाला तर दोन्ही जातात. स्क्रिप्टला दिसणाऱ्या फंक्शनचं नाव किंवा पॅरामीटर बदलू नका, बाहेर लोकांची एक्स्टेंशन्स त्यावर उभी असतात. ‘थर्डपार्टी’तल्या लायब्ररीत बदल करावाच लागला, तर त्या बदलाची पॅच फाइल शेजारी ठेवा आणि रीडमीत नोंद करा, नाहीतर पुढचा माणूस लायब्ररी अपडेट करताना तुमची दुरुस्ती नकळत पुसून टाकतो.

आणि मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हे: दुरुस्ती स्वतःजवळ साठवू नका, मूळ इंजिनाला परत द्या. आपल्या फोर्कमध्ये (इंजिनाच्या स्वतःच्या वेगळ्या प्रतीत) ठेवलेला प्रत्येक पॅच दर नव्या आवृत्तीला पुन्हा बसवावा लागतो, पुन्हा तपासावा लागतो. सतरा पॅच म्हणजे आमची दर वेळी चार-पाच दिवसांची मजुरी. पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये घेण्याची विनंती पाठवताना तो छोटा प्रोजेक्ट जोडा, कुठल्या फोनवर दिसलं ते लिहा. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, दोष पुन्हा घडवून दाखवता आला की समोरचा माणूस मनापासून मदत करतो. उत्तराला कधी महिने लागतात. तोवर पॅच ठेवा, पण आमच्यासारखी एक वही करा: पॅच कशासाठी, कधी घातला, मूळ इंजिनाला पाठवला का, काढून टाकायचा कधी. शेवटचा रकाना भरता येत नसेल, तर तो पॅच घालावा का, याचा पुन्हा विचार करते.

नवी आवृत्ती घ्यायची ती सत्र चालू असताना नाही. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत, शाळेत खेळ उघडत नाहीत तेव्हा. आधी सगळे पॅच बाजूला ठेवून नुसती नवी आवृत्ती चालवायची, मग एकेक पॅच वर बसवायचा, प्रत्येक पॅचनंतर फोनवर बघायचं.

बघायचं काय, तेही ठरलेलं आहे. इंजिनाच्या स्वतःच्या युनिट टेस्ट (एकेक भाग आपोआप तपासणाऱ्या चाचण्या) आहेतच, त्या चालवाव्यातच. त्याशिवाय आमच्या खेळात एक लपवलेली स्क्रीन आहे, तिच्यावर इतकेच शब्द: क्विंटल, किंमत, मार्केट, व्यापारी, श्री, तऱ्हा, शृंगार, दुष्काळ. दोन जीबी रॅमचा जुना फोन, शाळेच्या लॅबमधल्यासारखा जुना विंडोज संगणक आणि ब्राउझर, तिन्हीकडे ती उघडतो आणि फोटो काढून वहीत चिकटवतो. गेल्या मे महिन्यात वहीतले सहा पॅच खोडले. आता अकरा उरलेत. त्यातले चार मूळ इंजिनाकडे पाठवलेत, आणि पाचव्यासाठी तो कराडचा मुलगा रिकामा प्रोजेक्ट तयार करतोय.