जुन्या लुगड्याचा रोलर पडदा घरी कसा करावा

परभणीतल्या आमच्या घराची बैठक पश्चिमेला उघडते. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर त्या खिडकीतून ऊन थेट दिवाणावर येतं. आधी झालरीचे साधे पडदे होते. खिडकी उघडली की ते उडून अंगावर यायचे, आणि सारल्यावरही मधल्या फटीतून तिरीप यायचीच. शेवटी रोलर, म्हणजे वरच्या पाइपावर गुंडाळला जाणारा पडदा, लावायचं ठरलं. दुकानातले नमुने राखाडी आणि मातकट, घरात कुणालाच आवडेनात. कपाटात आत्याचं इरकलीचं लुगडं होतं. गर्द हिरवं, लाल काठाचं, पदराकडे विरलेलं. नेसण्याजोगं उरलं नव्हतं आणि टाकवत नव्हतं. त्याचाच रोलर केला. आता तो तिसरा उन्हाळा काढतोय. हे काम दोन सुट्ट्यांत घरी होण्यासारखं आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी खिडकीची दिशा बघा

कापड निवडण्याआधी खिडकीचं तोंड कुठे आहे ते बघा. मराठवाडा साधारण १८ ते २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. दक्षिणेच्या खिडकीवर छज्जा असेल तर ऐन उन्हाळ्यात तिथून ऊन फारसं आत येत नाही. येतं ते डिसेंबर-जानेवारीत, आणि तेव्हा ते हवंच असतं. तिथे बिनअस्तराचा, उजेड झिरपू देणारा रोलर पुरतो. उत्तरेलाही तसंच. खरा त्रास पश्चिमेचा. सूर्य खाली उतरलेला असतो, त्यामुळे छज्ज्याचा काही उपयोग होत नाही. तिथे पांढऱ्या ब्लॅकआउट (उजेड पूर्ण अडवणाऱ्या) अस्तराशिवाय रोलर करू नका. पांढरी बाजू काचेकडे ठेवली की बरंचसं ऊन काचेतूनच परत जातं. शिवाय लुगड्याचा रंग लवकर विटत नाही.

मात्र रोलर लावला म्हणून खोली गार होईल, अशी आशा धरू नका. काचेतून आत आलेलं जे ऊन परत जात नाही त्याने पडदा तापतो आणि ती धग खोलीतच राहते. झळ अडवायची असेल तर काचेच्या बाहेर काहीतरी हवं: शेडनेट, बांबूची चिक किंवा वाळ्याचा पडदा. आम्ही मार्च ते जून बाहेरून शेडनेट लावतो आणि आतून रोलर सोडतो. दोन्ही मिळून जो फरक पडतो तो एकट्या रोलरने पडत नाही.

कूलर लावलेल्या खिडकीला रोलर नको. हवा अडते, आणि सततच्या ओलाव्याने अस्तरावर काळे ठिपके धरतात. गॅसच्या शेगडीजवळच्या खिडकीलाही नको.

कापड कोणतं चालतं

घट्ट विणीचं, न ताणणारं, सगळीकडे सारख्या जाडीचं सुती कापड सर्वांत चांगलं. इरकल, साधी हातमागाची चादर, नांदेडच्या खादी भांडारातली घट्ट विणीची खादी, यांतलं काहीही घ्या. हिमरू, म्हणजे रेशीम-सुताचं नक्षीदार विणीचं कापड, अनेकांना मोहात पाडतो, आणि त्याची नक्षी खिडकीवर खरोखर देखणी दिसते. पण हिमरूच्या उलट्या बाजूला सुटे धागे असतात. ते गुंडाळीत अडकतात आणि गुंडाळी जाड होते. छोट्या खिडकीला अस्तर लावून हिमरू चालेल, मोठ्या खिडकीला मी लावणार नाही. भरतकाम आणि आरसे पूर्णच टाळा.

लुगडं किंवा साडी वापरणाऱ्यांचा हमखास होणारा घोटाळा काठाचा. काठ दोन्ही बाजूंना उभे ठेवले की आधी फार छान दिसतं. पण काठ मधल्या कापडापेक्षा जाड असतो. ३८ मिलिमीटरच्या पाइपावर साडेतीन फुटी पडद्याचे साधारण दहा वेढे पडतात. काठ नुसता पाव मिलिमीटर जाड असला, तरी दहा वेढ्यांत कडेची गुंडाळी मधल्यापेक्षा सुमारे ५ मिलिमीटर जाड होते. मग मधलं कापड सैल पडतं, त्याला उभ्या चुण्या येतात, आणि त्या चुण्या इस्त्रीने जात नाहीत. माझा पहिला प्रयत्न असाच गेला, चार हात लुगडं वाया गेलं.

उपाय असा: लुगडं आडवं फिरवा. त्याची लांबी खिडकीच्या रुंदीत जाऊ द्या. खालचा काठ आपोआप पडद्याच्या तळाशी आडवा येतो. तळ सगळ्यांत शेवटी गुंडाळला जातो, त्यामुळे त्याच्या जाडीने काही बिघडत नाही. वरचा काठ कापून टाका. आणखी एक फायदा म्हणजे खिडकी पाच-सहा फूट रुंद असली तरी कापडाला जोड द्यावा लागत नाही. फक्त अस्तराचा पन्हा तेवढा आहे ना, ते बघून घ्या.

माप

पडदा चौकटीच्या आत बसवायचा की बाहेर भिंतीवर, ते आधी ठरवा. आत बसवायचा तर किमान तीन इंच खोली हवी. सरकत्या काचेचा दांडा, जाळी, ग्रील पुढे आलेली नाही ना, तेही बघा. जुन्या माळवदाच्या घरांच्या भिंती जाड असतात, तिथे आत बसवलेला रोलर फार नेटका दिसतो. नव्या फ्लॅटमध्ये बहुतेक वेळा बाहेरच बसवावा लागतो. मग खिडकीच्या दोन्ही बाजूंना आणि वर तीन-चार इंच जास्त घ्या. कडेच्या फटीतून येणारी तिरीप त्याने बरीच कमी होते.

आत बसवताना रुंदी तीन ठिकाणी मोजा. आमच्या खिडकीची वरची रुंदी ४७ इंच ६ सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) भरली, मधली ४७ इंच ४ सूत, खालची ४८ इंच. सर्वांत लहान माप धरायचं, म्हणजे ४७ इंच ४ सूत. त्यातून एक सूत कमी करा. हे झालं ब्रॅकेटच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या बाहेरच्या कडेपर्यंतचं माप. कापड त्याहून अरुंद असतं, कारण दोन्ही टोकांना साखळीचं चाक आणि पिन बसते. पाइप, साखळी, ब्रॅकेटचं तयार किट मिळतं, त्याप्रमाणे ही वजावट साधारण ३० ते ४० मिलिमीटर असते. किट हातात आल्याशिवाय कापड कापू नका. दुकानदाराला माप देताना ते ब्रॅकेटचं की कापडाचं, हे स्पष्ट सांगा. निम्मी भांडणं तिथेच होतात.

लांबीचा हिशेब आमच्या ४२ इंच उंचीच्या खिडकीवरून सांगते. अस्तर घेतलं ५५ इंच. त्यातले ३ इंच तळाच्या पट्टीच्या खिशासाठी मागे दुमडायला, आणि १० इंच पाइपावर कायम राहणारे दोन वेढे. पडदा पूर्ण सोडल्यावरही ते दोन वेढे पाइपावर राहिलेच पाहिजेत, नाहीतर सगळा भार चिकटपट्टीवर येतो. लुगड्याचा वरचा काठ काढून ४४ इंच उरले. म्हणजे दिसणारे ४२ भरले आणि २ इंच पाइपावर गेले.

कापड तयार करणं

लुगडं आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा आणि किंचित दमट असतानाच इस्त्री करा. आटायचं ते आटू दे. ताठपणासाठी खळ करू नका. पावसाळ्यात खळीच्या कापडाला कसर लागते.

अस्तराला लुगडं चिकटवायला शिंप्याच्या सामानाच्या दुकानात इस्त्रीच्या उष्णतेने दोन्हीकडून चिकटणारी फ्यूजिंग जाळी मिळते. ब्लॅकआउट अस्तरावर लेप असतो, तो जास्त उष्णतेने फुगतो. म्हणून आधी टीचभर तुकड्यावर करून बघा. इस्त्री मंद ठेवा, लुगड्याच्या बाजूने करा, मध्ये सुती फडकं घाला. मधून सुरुवात करून कडांकडे जा. इस्त्री घासायची नाही, दाबायची, उचलायची, पुढे ठेवायची. लुगडं अस्तरापेक्षा दोन्ही कडांना थोडं जास्त ठेवा, नेमकं माप शेवटी कापायचं.

कापताना मात्र घाई नको. सुताराचा गुण्या आणि लोखंडी पट्टी घ्या, नव्या पात्याच्या कटरने एका दमात कापा. मग दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले तरच कापड काटकोनात आहे. एका सुताचा फरकही गुंडाळी एका बाजूला सरकवतो. उभ्या कडांना शिवण घालू नका. काठाने जे होतं तेच शिवणीने होतं. धागे निघू नयेत म्हणून कडेवर कापडाचा पातळ गोंद बोटाने फिरवून वाळू द्या. तळाचा खिसा मात्र शिवा आणि त्यात ॲल्युमिनियमची चपटी पट्टी घाला.

गुंडाळीची बाजू

दुकानातला रोलर बहुधा असा असतो की कापड पाइपाच्या मागून, काचेच्या बाजूने खाली येतं. तसं केलं तर वरच्या गुंडाळीवर कापडाची पाठ, म्हणजे पांढरं अस्तर दिसतं. लुगड्याच्या रोलरला ते शोभत नाही. उलटी गुंडाळी करा: कापड पाइपाच्या पुढून खाली येऊ द्या. मग गुंडाळीवरही लुगडंच दिसतं आणि खिडकीच्या दांड्याला कापड घासत नाही. कडेची फट थोडी वाढते, तेवढं सोसा.

पाइपावर लांबीच्या दिशेने सरळ रेघ मारा. त्या रेघेवर दुहेरी टेप लावा आणि अस्तराची वरची कड मधून बाहेर दाबत चिकटवा.

टांगणी

ग्रॅनाइट किंवा कडप्प्याच्या चौकटीला कडेजवळ ड्रिल करू नका, दगडाचा कोपरा उडतो. खिडकीवरच्या लिंटेलमध्ये, म्हणजे काँक्रीटच्या तुळईत, ६ मिलिमीटरचं भोक पाडा, गिट्टी (स्क्रू धरणारा प्लग) बसवा, मग स्क्रू. नुसत्या प्लास्टरमध्ये धरलेला ब्रॅकेट पहिल्याच उन्हाळ्यात खाली येतो. दोन्ही ब्रॅकेट पाणसळीने एका रेषेत घ्या. खिडकीच्या चौकटीवर भरवसा ठेवू नका, ती स्वतः तिरपी असू शकते.

पडदा चार-पाच वेळा वर-खाली करून बघा. एका बाजूला सरकत असेल तर आधी पाणसळ पुन्हा लावा. तरीही सरकला तर पूर्ण सोडा आणि पाइपाच्या एका टोकाला, कापड गुंडाळलं जातं तिथे, साध्या टेपची बोटभर पट्टी लावून गुंडाळा. सरकणं वाढलं तर पट्टी काढून दुसऱ्या टोकाला लावा.

घरात लहान मूल असेल तर साखळी लोंबती ठेवू नका. गळ्यात अडकून जीव जाऊ शकतो. साखळी ताणून धरणारी क्लिप भिंतीला स्क्रूने पक्की करा. पलंग किंवा पाळणा त्या खिडकीखाली ठेवू नका. हे काम उद्यावर टाकू नका, ड्रिल हातात आहे तोवरच करा.

पुढे

रोलर धुवायचा नसतो. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ बारीक असते. आठवड्याला पडदा पूर्ण सोडून कोरड्या मऊ ब्रशने वरून खाली झाडा. ओलं फडकं लावलं की त्या धुळीचा डाग होतो. वळवाचा पाऊस खिडकीतून आत आला आणि पडदा भिजला, तर पूर्ण वाळेपर्यंत गुंडाळू नका. वादळी वाऱ्यात खिडकी उघडी असेल तर पडदा वर घ्या, तळाची पट्टी काचेवर आपटते.

पाइप, साखळी, ब्रॅकेट वर्षानुवर्षं टिकतात. कापड विटलं तर जुनी टेप सोलून त्याच पाइपावर नवं लावता येतं. आत्याच्या लुगड्याचा उरलेला भाग मी त्यासाठीच पत्र्याच्या पेटीत, उजेड लागणार नाही असा घडी करून ठेवलाय.