तब्येतीसाठी धावताना वेग किती, अंतर किती

नव्याने धावायला लागणारे बरेच जण पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकतात : रोज पाच किलोमीटर, तेही अर्ध्या तासात. म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटे. पळायची सवय नसलेल्याला हा वेग झेपत नाही. आठवडाभरात नडग्या दुखू लागतात आणि बूट कपाटात जातात. धावणे तब्येतीसाठी असेल तर आधी मिनिटे ठरवावीत, वेग श्वासावरून ठरवावा आणि अंतर त्यातून निघेल तेवढे मानावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा. ताशी आठ किलोमीटरने सावकाश धावणेही जोरकस व्यायामात मोडते. त्यामुळे आठवड्यातून तीन दिवस, एकेक दिवस सोडून, ३० मिनिटे धावले तरी पुरते. रोज धावायची गरज नाही. सुरुवातीच्या महिन्यांत तर रोज धावूच नये, कारण मधल्या दिवशी हाडे आणि स्नायुबंध सावरत असतात.

वेग शोधायला ४०० मीटरचा ट्रॅक सगळ्यात सोयीचा. दहा मिनिटे भरभर चाला, मग पहिल्या म्हणजे सगळ्यात आतल्या लेनमधून दोन फेऱ्या धावा. (बाहेरची लेन धरली तर फेरी लांबते, आठव्या लेनमध्ये ती साडेचारशे मीटरच्या आसपास जाते आणि हिशोब चुकतो.) दुसऱ्या फेरीत शाळेतली प्रतिज्ञा मोठ्याने म्हणा. छोटी वाक्ये एका श्वासात पुरी होऊन पुढच्या वाक्याआधी श्वास घ्यावा लागला, तर वेग बरोबर आहे. छोट्या वाक्यातही मध्येच थांबून हवा घ्यावी लागली तर जास्त आहे. आरामात गाणे म्हणता आले तर थोडा वाढवायला हरकत नाही. मग त्या फेरीला किती वेळ लागला ते पाहा : ३ मिनिटे १२ सेकंद म्हणजे किलोमीटरला ८ मिनिटे, ३ मिनिटे ३६ सेकंद म्हणजे ९ मिनिटे. नवख्यासाठी हे दोन्ही वेग चांगलेच आहेत. वजन जास्त असेल किंवा वय साठीकडे झुकले असेल तर १० मिनिटेही चालतील. शेजारून कोणी भरभर चालत पुढे गेले तरी जाऊ द्या.

सकाळी मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली जवळून सुसाट जातात. मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर गुणांसाठी जीव तोडून पळायचे असते. त्या वेगाचा आपल्या अर्ध्या तासाशी संबंध नाही, त्यांच्या मागे लागू नये.

घड्याळात नाडीचे ठोके दिसत असतील तर २२० वजा वय हा आकडा कमाल धरतात आणि त्याच्या ६५ ते ७५ टक्क्यांत धावायला सांगतात. हा सरासरीचा अंदाज आहे. एखाद्याच्या बाबतीत तो दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतो. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर ठोके नेहमीएवढे वाढत नाहीत, म्हणून हे गणित सोडून द्या. तिथेही बोलण्याची कसोटीच खरी. हृदयविकार किंवा मधुमेह असेल, धावताना छातीत दाब जाणवत असेल, तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात ग्लुकोजची पुडी ठेवावी.

सलग पाच मिनिटेही धावता येत नसेल तर १ मिनिट धावणे, २ मिनिटे चालणे असे आठ वेळा करा. २४ मिनिटे होतात. दोन आठवड्यांनी २ मिनिटे धावणे, १ मिनिट चालणे. मग ५ आणि १. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पोटऱ्या नि गुडघे कुरकुरले नाहीत तरच पुढची पायरी घ्या. कुरकुरले तर तोच आठवडा पुन्हा. सलग ३० मिनिटे जमली की अंतर आपोआप साडेतीन-पावणेचार किलोमीटर होते, आठवड्याचे दहा-अकरा. पुढे वाढवायचे तर आठवड्याच्या तीनपैकी एकाच दिवशी पाच मिनिटे वाढवा, तेही दोन आठवड्यांतून एकदा. निव्वळ तंदुरुस्तीसाठी आठवड्याला १५ ते २० किलोमीटर भरपूर झाले.

एवढे जपायचे कारण असे की दमसास काही आठवड्यांतच सुधारतो, पण हाडे आणि टाचेमागची शीर कणखर व्हायला महिने लागतात. दम वाढला म्हणून वेग वाढवतात, आणि दुखणे तिथेच जन्मते. नडगीच्या आतल्या कडेने वीतभर पट्टा दुखत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर आठवडाभर मिनिटे निम्मी करा. पण हाडावर बोट ठेवल्यावर एकाच जागी कळ येत असेल, किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर धावणे थांबवून अस्थितज्ज्ञांना दाखवा. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. खबरदारी म्हणून आठवड्यातून दोन दिवस जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभे राहून टाचा सावकाश वर-खाली करा, १५ वेळा, दोन फेऱ्या. पावले छोटी टाका, म्हणजे पाऊल गुडघ्याखाली पडते, फार पुढे टाच आपटत नाही.

कोकणात आणि मुंबईत दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापते आणि त्याच वेगाला ठोके वाढतात. अशा दिवशी किलोमीटरला अर्धे-पाऊण मिनिट जास्त लागले तरी वेग तोच समजा. टेकडीवर चढ आला की चालावे. विदर्भातल्या मे महिन्यात सूर्योदयाआधीच आटपावे.

दोन-तीन महिने हे नीट जमल्यावरच वेगाला हात लावा. तीनपैकी एका दिवशी मध्यावर १ मिनिट जोरात, २ मिनिटे हळू, असे चार वेळा. बाकीचे दोन दिवस पूर्वीसारखेच. ताप किंवा प्रवासामुळे दोन आठवडे खंड पडला तर निम्म्या मिनिटांपासून सुरू करा. ताप उतरल्यावरही जिना चढताना धाप लागत असेल, तोपर्यंत फक्त चाला.