स्वल्पविरामावर ओळ तोडण्यापूर्वी

महापे येथील एका लहान कंपनीत रुजू झाल्यावर ग्राहकांची सीएसव्ही फाइल (जिच्यात प्रत्येक ओळीतले रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेले असतात) वाचून नोडनिहाय, म्हणजे वाशीसारख्या नवी मुंबईच्या भागांनुसार, थकबाकीच्या याद्या करण्याचे काम माझ्याकडे आले. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत होती, म्हणून प्रत्येक ओळ मी स्प्लिट ही मजकूर तोडणारी आज्ञा वापरून स्वल्पविरामावर तोडली. तपासलेल्या पहिल्या वीस ओळी अचूक होत्या. पुढे मात्र वाशीच्या अनेक ग्राहकांकडे एकसारखीच ४,००,७०३ रुपये थकबाकी निघाली, आणि तो वाशीचा पिनकोड आहे हे माझ्या लक्षात येण्यापूर्वीच यादी वसुलीच्या माणसांकडे पोहोचली होती. ती शरम अजून ओसरलेली नाही.

रकाने होते नाव, पत्ता, पिनकोड, मोबाइल आणि थकबाकी. ‘प्लॉट ७, सेक्टर १७, वाशी’ हा पत्ता फाइलमध्ये दुहेरी अवतरणचिन्हांत होता, म्हणजे त्यातले स्वल्पविराम मजकुराचे होते. स्प्लिटला अवतरणचिन्हांचा अर्थ कळत नाही. त्याने एका पत्त्याचे तीन तुकडे केले, पुढचे सगळे रकाने दोन घरे सरकले, मोबाइलच्या जागी ‘वाशी’ आले आणि थकबाकीच्या जागी पिनकोड. पहिल्या वीस पत्त्यांत स्वल्पविराम नव्हता, एवढेच. शिवाय पत्ता भरताना कोणी एंटर दाबला असेल, तर एकच नोंद दोन ओळींवर पसरते. तेव्हा ओळीओळीने वाचणेही चुकीचेच. मजकुरातले अवतरणचिन्ह दोनदा लिहितात, हा नियमही सीएसव्हीचे नियम सांगणाऱ्या २००५ च्या आरएफसी ४१८० या दस्तऐवजात नोंदलेला आहे.

‘स्वल्पविरामाऐवजी पाइप (| ही उभी रेघ) वापर’ असा सल्ला मला एका ज्येष्ठ सहकाऱ्याने दिला होता. माझ्या मते तो सल्ला नव्हे, पळवाट आहे, कारण उद्या पाइपही मजकुरात येतो. पायथॉनसोबतच येणारे सीएसव्ही मॉड्यूल, म्हणजे या कामासाठीचा तयार कोड, वापरा. ते हे सारे नियम पाळते आणि अर्ध्या तासात शिकता येते, त्यामुळे घाबरण्याचे मुळीच कारण नाही.

लिहिण्यासाठी फाइल उघडताना ‘न्यूलाइन’ या पर्यायाला रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) द्या, अन्यथा विंडोजवर दर नोंदीनंतर रिकामी ओळ दिसते. फाइल एक्सेलमध्ये उघडली जाणार असेल तर एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) ‘यूटीएफ-८-सिग’ ठेवा, म्हणजे मराठी नावे विस्कटत नाहीत. आणि फाइल पुढे पाठवण्यापूर्वी प्रत्येक नोंदीतील रकाने मोजा: माझ्या त्या याद्यांत पाचच्या जागी सात निघाले असते.