ट्रायल्स बाईकचे पार्ट घेताना आधी जुन्या पार्टवरचा नंबर वाचा

ट्रायल्स बाईक (खडक-अडथळ्यांवरून तोल सांभाळत चालवायची हलकी मोटारसायकल) घरीच सांभाळत असाल तर एक सवय लावून घ्या, बेअरिंग किंवा ऑइल सील काढलं की लगेच फेकू नका, आधी पुसून त्यावरचा नंबर बघा. बेअरिंगवर ६२०४ २आरएस असं काही लिहिलेलं असेल तर ते स्टँडर्ड साइजचं आहे, आतला व्यास २० मिमी, बाहेरचा ४७ आणि जाडी १४, आणि २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबर सील, त्यामुळे बाईकच्या कंपनीचा डबा शोधत बसायची गरज नाही, कुठल्याही चांगल्या बेअरिंगवाल्याकडे मिळतं. ऑइल सीलवर पण आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी असे तीन आकडे असतात. क्लच प्लेट, पिस्टन मात्र फ्रेम नंबर आणि मॉडेलचं वर्ष बघूनच मागवा, कारण दिसायला सेम पार्ट पुढच्या वर्षी बदललेला असू शकतो.

आणि हायड्रॉलिक क्लचमध्ये फ्लुइड टाकताना घाई नको!! काहींना डॉट ४ (ब्रेक फ्लुइडचा एक प्रकार) लागतं, काहींना मिनरल ऑइल, चुकीचं गेलं की सील फुगतात आणि मग मास्टर सिलेंडरपासून खालपर्यंत सगळं उघडत बसा. मास्टर सिलेंडरच्या (लिव्हरजवळ, जिथे फ्लुइड भरतात) झाकणावर काय लिहिलंय ते बघा, झाकण बदललेलं वाटलं तर मॅन्युअल उघडा.

फोमचा एअर फिल्टर धुतल्यावर पूर्ण वाळू द्या, मग फिल्टर ऑइल लावून पिळा. कोरडा फिल्टर बारीक धूळ अडवत नाही.