नव्या गाडीचं दार नीट बसत नसेल तर

नवी गाडी उन्हात उभी केली की दाराची फट डोळ्यात भरते. दोन दारांमधली रेघ वर बारीक, खाली रुंद, आणि मागचा कोपरा किंचित खाली आलेला. 'चालवा, बसेल हळूहळू' हे शोरूमचं उत्तर अशा वेळी मान्य करू नका. दाराचं रबर काही आठवड्यांत दबतं हे खरं, त्यामुळे दार बंद करायला लागणारा जोर कमी होतो. पण बिजागरीवर तिरकं बसलेलं दार आपोआप सरळ होत नाही.

गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला न्या. ताबा घेण्याआधीच लक्षात आलं तर नोंदणी होण्याआधी दुरुस्त करून मागा. जॉब कार्डवर 'दार नीट नाही' एवढंच लिहून घेऊ नका. 'डावं मागचं दार, मागची कडा, वर 3 मिमी, खाली 5.5 मिमी' असं लिहून घ्या. आकडा लिहिला की काम झालं की नाही यावर वाद उरत नाही. खाली दिलेलं काम स्वतः करायचं नसलं, तरी समोरचा माणूस बरोबर करतोय का हे ओळखायला त्याचा उपयोग होईल.

मोजायला जागा सपाट हवी. मुंबईत हीच पहिली अडचण. पोडियमचा उतार, एक चाक फुटपाथवर चढवून लावलेली गाडी, स्टॅक पार्किंगचा पत्रा, यांवर मोजू नका. बॉडीला किंचित पीळ पडला तरी फट बदलते. चारही चाकं एका पातळीत आणि टायरची हवा सारखी असू द्या. फीलर गेज (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पट्ट्या) नसेल तर जुनी एटीएम कार्डं चालतात. एक कार्ड 0.76 मिमी जाड असतं, म्हणजे पाच कार्डं 3.8 मिमी आणि सहा 4.56 मिमी. उठावदार आकड्यांचा भाग सोडून कोपऱ्याची कडा वापरा. प्रत्येक फट वर, मध्ये आणि खाली मोजा. मग दुसऱ्या बाजूचं तेच दार मोजा. बहुतेक गाड्यांत फट साधारण 3.5 ते 5 मिमी असते. पण एकाच फटीत वरखाली किती फरक आहे, हे त्याहून महत्त्वाचं. शेवटी बोटाचं टोक फटीवरून आडवं फिरवा. मागच्या पॅनेलची पुढची कडा पुढच्या पॅनेलच्या बरोबरीत किंवा केसभर आत हवी. ती बाहेर आली की समोरून येणारं वारं तिथे अडतं आणि सी लिंकवर शिट्टीसारखा आवाज येतो.

आता दोष कुठे आहे ते शोधा. दार अर्धं उघडून मागच्या टोकाला धरा आणि हलकं वर उचला. खडखड जाणवली तर बहुधा बिजागरीचा बोल्ट ढिला आहे. तो आवळूनच काम होण्याची शक्यता असते. खडखड नसेल तर दार अगदी सावकाश लावा आणि शेवटच्या दोन सेंटीमीटरवर डोळे ठेवा. लॅच (दारातलं कुलूप) स्ट्रायकरला (गाडीच्या खांबावरची कडी, जिला लॅच पकडतो) टेकताना दार वर उचललं जातंय किंवा खाली दाबलं जातंय का? तसं होत असेल तर दाराचं वजन स्ट्रायकर पेलतोय. घाईत काम करणारा नेमकं इथेच चुकतो. तो स्ट्रायकर वर सरकवून लोंबणारं दार बंद स्थितीत सरळ दाखवतो. फट त्या दिवशी सुंदर दिसते, पण प्रत्येक वेळी लॅच घासतो आणि काही महिन्यांत दार जोरात आपटावं लागतं. स्ट्रायकरचं काम दार धरून ठेवणं, उचलणं नव्हे.

सामान थोडंच लागतं: 10, 12, 13 आणि 14 चे सॉकेट, टॉर्क्स बिट (चांदणीच्या आकाराच्या टोकाचा; स्ट्रायकरला बहुधा टी40 ते टी50), टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते मोजणारा), मास्किंग टेप, जॅक, लाकडाचा तुकडा, जाड टॉवेल. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात हे सगळं मिळतं. टॉर्क्स बिट स्वस्तातला घेऊ नका. त्याचं टोक झिजलं की बोल्टचं डोकंही खराब होतं. दुसरा माणूस लागतोच, दाराचं वजन 25-30 किलोपर्यंत जातं.

क्रम मागून पुढे. क्वार्टर पॅनेल (मागच्या दारामागचा, मागच्या चाकावरचा पत्रा) वेल्डिंगने जोडलेलं, ते हलत नाही. म्हणून आधी मागचं दार त्याला जुळवा, मग पुढचं दार मागच्याला, आणि शेवटी फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) पुढच्या दाराला. पुढून सुरुवात केली तर सगळी चूक मागच्या दारावर येऊन साठते. मागच्या दाराच्या, दोन दारांमधल्या खांबाकडच्या बिजागरीचे बोल्ट पुढचं दार उघडलं की समोर दिसतात. पुढच्या दाराचे काही गाड्यांत फेंडरच्या आड असतात.

फटीच्या दोन्ही कडांवर मास्किंग टेपचे दोन थर लावा. बिजागरीभोवती पेन्सिलने रेघ मारा, म्हणजे मूळ जागा हरवणार नाही. स्ट्रायकर काढून ठेवा, पण त्याचे बोल्ट लगेच दोन आटे फिरवून भोकात परत लावा. काही गाड्यांत आतली आट्यांची पट्टी सुटी असते आणि खांबात पडली तर काढताना घाम फुटतो. दाराखाली जॅक, त्यावर लाकूड, त्यावर टॉवेल. जॅकने फक्त आधार द्या, दार उचलू नका.

एका वेळी एकच बिजागरी, आणि तिचे बोल्ट अर्धा फेरा एवढेच ढिले. इथे हिशेब समजून घ्या. दोन बिजागऱ्यांमध्ये 40 सेंमी अंतर आणि दाराची लांबी 100 सेंमी असेल, तर वरची बिजागरी 1 मिमी पुढे सरकवली की मागचं टोक अडीच मिमी वर येतं. म्हणून अर्ध्या मिमीपासून सुरुवात करा. लोंबणाऱ्या दाराची मागची फट वर अरुंद, खाली रुंद दिसते. त्याला वरची बिजागरी पुढे किंवा खालची मागे घ्यायची. पूर्ण दार वर किंवा खाली हवं असेल तर दोन्ही बिजागऱ्या, पण आळीपाळीने. आतबाहेरची जुळणी बहुतेक गाड्यांत दाराकडच्या बोल्टांवर होते. प्रत्येक बदलानंतर बोल्ट आवळूनच मोजा, कारण आवळताना बिजागरी थोडी फिरते. पहिल्यांदा दार उघडताना सावकाश उघडा. पुढची कडा फेंडरच्या आत वळते आणि फट कमी झाली असेल तर तिथेच रंग उडतो.

बोल्ट ढिला करूनही बिजागरी हलत नसेल तर जोर लावू नका. काही कंपन्या मध्ये जाड दांडीचा सेंटरिंग बोल्ट वापरतात, त्याला जागेवर खेळ नसतो. तो काढून साधा बोल्ट आणि वॉशर लावावा लागतो. बिजागरी वेल्ड केलेली असेल तर मात्र काम अनुभवी डेंटरकडे द्या.

दार मोकळं असतानाच फट बरोबर आली, की मग स्ट्रायकर लावा. हाताने आवळून दार हलकेच लावा, लॅचला त्याला मध्यावर आणू द्या, मग पूर्ण आवळा. टॉर्कचा आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्या. लॅचचे दोन्ही टप्पे टक् टक् ऐकू यायला हवेत. दार लावून पाहताना एक काच खाली ठेवा. सगळ्या काचा बंद असल्या की आतली हवा दार परत ढकलते, आणि विनाकारण स्ट्रायकर बाहेर सरकवला जातो.

रबर तपासायला वर्तमानपत्राची पट्टी सात-आठ ठिकाणी दारात धरा. ओढताना सगळीकडे सारखा विरोध जाणवला पाहिजे. मग पाच मिनिटं नळीने पाणी, खालून वर सरकत, आणि आतल्या कार्पेटखाली हात घालून पाहा. हे जूनच्या आधी कराच.

बिजागरीच्या बोल्टांभोवती रंगाला तडा जातोच. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत एका पावसाळ्यात तिथे गंज धरतो. त्याच दिवशी जागा पुसून गाडीच्या रंगाचा टचअप लावा, सुकला की वर गंजरोधक मेणाचा फवारा मारा. पंधरा दिवसांनी त्याच जागी, त्याच कार्डांनी पुन्हा मोजा.